यूजरनेम किती लांब चालतं? आधी डेटाबेस मोजतो कसं ते पाहू

डेटाबेसमधलं यूजरनेम जास्तीत जास्त किती लांब असू शकतं? इंटरव्ह्यूत हा प्रश्न हमखास येतो, नव्याने रुजू झालेली मुलंही विचारतात, आणि नेटवर शोधलं की आकडा लगेच सापडतो. कुणी ३२ सांगतं, कुणी ६३, कुणी १२८. आकडा चुकीचा नसतो. पण तो आकडा कशाचा आणि नाव ज्या ज्या प्रोग्रॅममधून जातं त्या साखळीतल्या नेमक्या कुठल्या जागी लागू होणारा, हे विचारायचं राहून जातं, आणि त्यातून जे घोळ होतात ते कधी कधी थेट सुरक्षेवर येतात. मी अंधेरीला एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. नव्या मुलांना हाच विषय पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

आधी एक फरक स्पष्ट करू. 'यूजरनेम' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे डेटाबेसचा स्वतःचा यूजर. सर्व्हरशी जोडणी करताना जे नाव द्यावं लागतं आणि ज्याला वाचण्या-लिहिण्याच्या परवानग्या दिलेल्या असतात, ते हे नाव. दुसरा म्हणजे अ‍ॅपचा किंवा वेबसाइटचा यूजर. तो डेटाबेसच्या दृष्टीने यूजर नसतोच. एखाद्या टेबलातली ती एक ओळ असते. पहिल्याची मर्यादा डेटाबेस बनवणाऱ्यांनी ठरवलेली असते. दुसऱ्याची मर्यादा टेबल बनवताना तुम्ही-आम्ही ठरवतो. या लेखात बराचसा भर पहिल्यावर आहे, दुसऱ्याकडे शेवटी येते.

आता चार प्रचलित डेटाबेस प्रणालींचे आकडे. मायएसक्यूएलमध्ये यूजरनेम ३२ अक्षरांपर्यंत चालतं, ५.७.८ या आवृत्तीच्या आधी १६ अक्षरांपर्यंतच चालायचं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये (बोलताना नुसतं पोस्टग्रे) ६३ बाइट; बाइट म्हणजे साठवणुकीचं मूळ एकक. ओरॅकलमध्ये वर्षानुवर्षं ३० बाइट होती, ती १२.२ या आवृत्तीपासून १२८ बाइट झाली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२८ अक्षरं. १२८ दोनदा आलं, त्याला कारण आहे: एसक्यूएल भाषेच्या १९९२च्या प्रमाणकात नावांची कमाल लांबी १२८ अक्षरंच धरलेली आहे. म्हणजे काही तिथवर आधी पोचले आणि काही उशिरा.

कुठे 'अक्षरं' आहे आणि कुठे 'बाइट', हे लक्षात ठेवा. सगळी गोम त्यात आहे.

पण मुळात मर्यादा हवीच कशाला? डिस्क स्वस्त झाली, मेमरी वाढली, मग नावाला हजार अक्षरं का चालू नयेत? याचं उत्तर पोस्टग्रेच्या पोटात डोकावलं की छान कळतं. पोस्टग्रेमध्ये नावं साठवायला 'नेम' हा खास प्रकार आहे आणि तो कायम ६४ बाइटची जागा घेतो. नाव पाच बाइटचं असलं तरी जागा ६४च. त्यातला शेवटचा बाइट 'नाव इथे संपलं' या खुणेसाठी राखीव, म्हणून आपल्या वाट्याला ६३ येतात. टेबल, कॉलम, इंडेक्स, यूजर, सगळ्यांची नावं याच मापाच्या खणात बसतात. खण ठरावीक मापाचा असल्यामुळे सर्व्हरला आपल्या अंतर्गत सूचीतली ओळ वाचताना नाव कुठे संपतं हे शोधत बसावं लागत नाही. ठरलेल्या अंतरावर पुढची माहिती असतेच. या सूच्या सर्व्हरला सतत लागतात, त्यामुळे ही सोय मोलाची आहे.

हा आकडा सोर्स कोडमध्ये 'नेमडेटालेन' या नावाने लिहिलेला आहे. पूर्वी तो ३२ होता, म्हणजे वापरायला ३१ बाइट. २००२ साली आलेल्या ७.३ आवृत्तीत तो ६४ झाला. तुम्हाला हवं तर तो बदलून पोस्टग्रे स्वतः कंपाइल करता येतं. पण मग डेटाबेस नव्याने उभा करावा लागतो, आणि नेहमीच्या मापाने बनवलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, त्या सर्व्हरवर चालत नाहीत. नाव थोडं लांब हवं म्हणून एवढा खटाटोप करावा असं मला मुळीच वाटत नाही.

आता आपल्या लिपीकडे येऊ. मराठी माणसाला हा विषय समजून घ्यायची खरी गरज इथे पडते, आणि इंग्रजीतल्या माहितीत नेमका हाच भाग नसतो.

सगळ्या लिप्यांतल्या खुणांना क्रमांक देणारं प्रमाणक म्हणजे युनिकोड, आणि ते क्रमांक बाइटमध्ये लिहायची एक पद्धत म्हणजे यूटीएफ-८. रोमन लिपीतलं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये एक बाइट घेतं. त्यामुळे इंग्रजीत नावं ठेवणाऱ्याला अक्षर आणि बाइट यांतला फरक जाणवतच नाही. देवनागरीतली प्रत्येक खूण मात्र तीन बाइट घेते. आणि इथे खूण म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. युनिकोडसाठी व्यंजन ही एक खूण, काना ही एक, वेलांटी ही एक, हलन्तही एक. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द आपण वाचताना चार अक्षरांचा: ज्ञा, ने, श्व, री. युनिकोडच्या हिशेबात ज, हलन्त, ञ, काना, न, एक मात्रा, श, हलन्त, व, र, दीर्घ वेलांटी अशा ११ खुणा. आणि बाइट ३३. हाच शब्द रोमन लिपीत लिहिला तर १२ बाइटमध्ये आटोपतो.

म्हणजे एकाच नावाच्या तीन लांब्या असतात: वाचणाऱ्याची, युनिकोडची आणि बाइटची. डेटाबेस 'अक्षरं' म्हणतो तेव्हा त्याला युनिकोडच्या खुणा अभिप्रेत असतात. वाचणाऱ्याचं अक्षर यातला कुठलाच डेटाबेस मोजत नाही.

एक उदाहरण घेऊन तपासू. समजा, पगाराचे अहवाल फक्त वाचायची परवानगी असलेला यूजर आपल्याला बनवायचा आहे आणि नाव ठेवलं 'मुंबई_मुख्यालय_पगार_अहवाल_वाचक'. आपल्या वाचनात ही १७ अक्षरं आणि चार अंडरस्कोअर. युनिकोडच्या खुणा २६, अधिक चार, म्हणजे ३०. बाइट मोजा: २६ गुणिले तीन, ७८, अधिक अंडरस्कोअरचे चार, एकूण ८२.

हे नाव मायएसक्यूएलला दिलं तर चालेल, कारण तिथे मर्यादा ३२ 'अक्षरांची' आहे आणि आपली ३० झाली. ओरॅकलच्या जुन्या आवृत्तीत 'आयडेंटिफायर इज टू लाँग' असा एरर येईल. नव्या आवृत्तीत ८२ बाइट सहज बसतात. आणि पोस्टग्रेमध्ये, ज्याचा ६३ हा आकडा मायएसक्यूएलच्या ३२ पेक्षा जवळपास दुप्पट दिसतो, तिथे हे नाव बसत नाही. "पण मॅडम, नाव तर तीसच अक्षरांचं आहे," हे वाक्य मला इथे हमखास ऐकू येतं.

बसत नाही, तर पोस्टग्रे काय करतो? तो नाव नाकारत नाही. ६३ बाइटवर कापतो, एक सूचना दाखवतो आणि कापलेल्या नावाने यूजर बनवून मोकळा होतो. आपलं नाव कुठे कापलं जाईल? 'मुंबई' १५ बाइट, अंडरस्कोअर धरून १६. 'मुख्यालय' २४, म्हणजे ४०, अंडरस्कोअरसह ४१. 'पगार' १२, म्हणजे ५३, अंडरस्कोअरसह ५४. उरले नऊ बाइट, म्हणजे तीन खुणा: अ, ह, व. तयार झालेला यूजर 'मुंबई_मुख्यालय_पगार_अहव'.

आता दुसरा यूजर बनवू, ज्याला त्याच टेबलात लिहायची परवानगी द्यायची आहे: 'मुंबई_मुख्यालय_पगार_अहवाल_लेखक'. हे नावही ६३ बाइटवर कापलं जातं आणि उरतं तेच, 'मुंबई_मुख्यालय_पगार_अहव'. पोस्टग्रे सांगतो की या नावाचा यूजर आधीच आहे आणि ती आज्ञा फसते. इथवर ठीक. पण या आज्ञा सहसा कुणी एकेक हाताने टाइप करत नाही. त्यांची फाइल असते. पोस्टग्रेला आज्ञा द्यायच्या पीएसक्यूएल या प्रोग्रॅमला फाइल दिली की एखादी आज्ञा फसली तरी तो पुढची चालवतो, 'ऑन एरर स्टॉप' हा पर्याय आपण स्वतः चालू केला नसेल तर. पुढची आज्ञा असते 'लेखक'ला लिहायची परवानगी देण्याची. तिच्यातलंही नाव कापलं जातं आणि परवानगी त्या एकमेव यूजरला मिळते. ज्याला फक्त वाचू द्यायचं होतं, त्याला आता पगाराच्या टेबलात लिहिता येतं. लॉगमध्ये एक एरर आणि दोन-तीन सूचना आहेत, आणि सूचनांची पातळी वर करून ठेवली असेल तर त्या सूचनाही नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की लांब नाव निमूट कापण्यापेक्षा ते सरळ नाकारणं कधीही चांगलं. मायएसक्यूएल इथे बरोबर वागतो. ३२ च्या पुढे गेलात तर १४७० क्रमांकाचा एरर देतो आणि त्यात कमाल लांबी किती हेही लिहिलेलं असतं.

कापलं जाण्याचा धोका फक्त देवनागरी नावांनाच आहे असं मात्र नाही. हॅशिकॉर्पच्या व्हॉल्टसारखी पासवर्ड सांभाळणारी साधनं काही तासांपुरते तात्पुरते यूजर आपोआप बनवतात. त्या नावात भूमिकेचं नाव, यादृच्छिक अक्षरं, वेळ असं सगळं कोंबलेलं असतं. १६ अक्षरांच्या जुन्या मायएसक्यूएलमध्ये ते मावत नाही, म्हणून त्यासाठी व्हॉल्टमध्ये वेगळा 'लेगसी' प्लगइन ठेवलेला आहे.

आता मर्यादेच्या जागेबद्दल. पुष्कळांना वाटतं की मायएसक्यूएलचे यूजर ज्या टेबलात असतात, त्या टेबलातला कॉलम रुंद केला की काम झालं. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येच स्पष्ट लिहिलं आहे की असं करून उपयोग नाही. मर्यादा सर्व्हरच्या आणि क्लायंटच्या कोडमध्ये पक्की केलेली आहे. हार्बर लाइनवर कित्येक वर्षं नऊ डब्यांच्याच लोकल धावत होत्या. बारा डब्यांच्या आणायच्या म्हणजे नुसते डबे जोडून भागणार नव्हतं, तर सीएसएमटीच्या एक आणि दोन नंबरच्या फलाटांपासून वाटेतले तोकडे फलाट लांबवावे लागले. नावाचंही तसंच. ते ज्या ज्या प्रोग्रॅममधून जाणार, त्या प्रत्येकात त्याला पुरेशी जागा लागते.

मायएसक्यूएलने १६ वरून ३२ वर झेप घेतली तेव्हा हे दिसलंच. ज्यांच्याकडे मुख्य सर्व्हर नवा आणि रेप्लिका (त्याच्याच आज्ञा पुन्हा चालवून ठेवलेली प्रत) जुनी होती, त्यांनी मुख्य सर्व्हरवर २० अक्षरांचा यूजर बनवला की ती आज्ञा रेप्लिकावर पोचून फसायची. ओरॅकलमध्ये नावं १२८ बाइटची झाली, पण पीएल-एसक्यूएल या ओरॅकलच्या भाषेतल्या जुन्या कोडमध्ये टेबलाचं नाव धरायला ३० अक्षरांचे व्हेरिएबल जागोजागी लिहिलेले होते. लांब नाव आलं की असा कोड मोडतो.

शेअर्ड होस्टिंगवर स्वतःची वेबसाइट चालवणाऱ्यांना याचा आणखी एक प्रकार आठवत असेल. सीपॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या साधनात डेटाबेसचा यूजर बनवताना आपल्या हाती जेमतेम सात अक्षरं उरायची. कारण अकाउंटच्या नावाची आठ अक्षरं आणि एक अंडरस्कोअर आधीच पुढे लागलेला असायचा. आठ, एक आणि सात मिळून सोळा, म्हणजे मायएसक्यूएलची जुनी मर्यादा.

मोठ्या कंपन्यांत ही साखळी आणखी लांबते. कर्मचाऱ्याचं नाव आधी विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या खात्यांच्या सूचीत, जातं. तिथल्या जुन्या पद्धतीच्या लॉगइन नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे. लिनक्सवर ३२. कुठे मेनफ्रेम असेल तर आरएसीएफ या तिथल्या सुरक्षा प्रणालीत यूजर आयडी आठ अक्षरांचा. मग डेटाबेस १२८ देत असला तरी एकच नाव सगळीकडे चालवायचं असेल तर मोजायचं सगळ्यात आखूड कडीच्या मापाने. आपली मराठी नावं रोमनमध्ये लिहिली की लांबतात, हे इथे त्रासदायक ठरतं. 'ज्ञानेश्वर', मग एक टिंब, मग 'कुलकर्णी' असं रोमनमध्ये लिहून पाहा: ११, एक आणि आठ, बरोबर २०. काठोकाठ बसलं. त्याच नावाचे दुसरे कुणी रुजू झाले आणि शेवटी फक्त '२' जोडायचा म्हटला तरी जागा नाही. दोन आडनावं जोडून लावणाऱ्या बायकांची नावं तर बहुतेक वेळा तुटूनच जातात. माणसाचं नाव अर्धवट कापलेलं पडद्यावर रोज बघायला लागणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. म्हणून लॉगइनसाठी कर्मचारी क्रमांकासारखी छोटी ओळख वापरावी आणि माणसाचं पूर्ण नाव त्याच्यासाठी असलेल्या कॉलममध्ये, न कापता, देवनागरीतही ठेवावं, असा माझा आग्रह असतो.

अ‍ॅपच्या यूजरनेमकडे वळते. इथे मर्यादा आपण ठरवतो, तरी २५५ हा आकडा सगळीकडे दिसतो. एका बाइटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २५५, आणि मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत व्हारचार, म्हणजे मजकूर ठेवायच्या, कॉलमची तीच कमाल लांबी होती. पुढे यात इंडेक्सची अट मिसळली. यूजरनेम एकमेव हवं, म्हणजे त्यावर युनिक इंडेक्स (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारी सूची) लागतो, आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेच्या जुन्या रचनेत इंडेक्समधल्या कॉलमला ७६७ बाइटची मर्यादा होती. खुणेला तीन बाइट धरले तर २५५ खुणांचे ७६५, बसतात. इमोजीसकट सगळं साठवणाऱ्या यूटीएफ८एमबी४ मध्ये खुणेला चार बाइट धरावे लागतात, म्हणून तिथे १९१. जुन्या कोडमध्ये हा विचित्र १९१ दिसला तर त्यामागे हे गणित आहे. नव्या रचनेत ही मर्यादा ३०७२ बाइटवर गेली आहे. जँगो या फ्रेमवर्कने आपलं यूजरनेम १.१० आवृत्तीत ३० वरून १५० वर नेलं. तो आकडा १९१ च्या आत आहे.

देवनागरी यूजरनेम ठेवू देणार असाल, आणि ठेवू द्यावं असं मला मनापासून वाटतं, तर लांबीइतकीच आणखी एक गोष्ट सांभाळा. 'गोऱ्हे' हे आडनाव घ्या. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये एकच खूण म्हणून आहे. तसाच 'र' आणि नुक्ता अशा दोन खुणांनीही लिहिता येतो. आणि काही कीबोर्ड 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण वापरून तोच आकार उमटवतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. बाइट मात्र पहिल्याचे १८ आणि दुसऱ्या दोघांचे २१. नाव साठवण्याआधी एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणीकरण पद्धतीने एकसारखं करून घेतलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा तरीही वेगळाच राहतो; त्याच्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. नाहीतर फोनवरून खातं उघडलेल्या माणसाला ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लॉगइन करता येत नाही, आणि त्याने बिचाऱ्याने नाव अगदी बरोबर लिहिलेलं असतं.

यूजरनेमची लांबी थेट सुरक्षेला कशी भिडते याचं अलीकडचं जाहीर उदाहरण २०२४ मधलं आहे. ओक्टा ही लॉगइन सेवा पुरवणारी कंपनी. तिच्या एका सोयीत यूजरचा ओळखक्रमांक, यूजरनेम आणि पासवर्ड एकामागे एक जोडून त्यावर बीक्रिप्ट (पासवर्ड ओळखता न येणाऱ्या रूपात बदलणारी पद्धत) चालवलं जात होतं आणि निकाल कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवला जात होता. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं. पुढचं काहीही असलं तरी त्याच्या लेखी सारखंच. यूजरनेम ५२ अक्षरांचं किंवा त्याहून लांब असलं की ओळखक्रमांक आणि यूजरनेम यांनीच ७२ बाइट भरायचे आणि पासवर्डला जागाच उरायची नाही. काही ठरावीक परिस्थितीत, आधीच्या यशस्वी लॉगइनची नोंद कॅशमध्ये असेल तर, नुसत्या यूजरनेमवर आत जाता येत होतं. जुलैत शिरलेली ही चूक कंपनीला ३० ऑक्टोबरला सापडली आणि त्याच दिवशी दुरुस्त झाली. ५२ अक्षरं फार वाटतात, पण यूजरनेम म्हणून ईमेल पत्ता वापरला आणि कंपनीचं डोमेन लांबलचक असलं की सहज होतात.

मग प्रत्यक्षात करायचं काय? डेटाबेसच्या यूजरची नावं मी रोमनमध्ये आणि आखूड ठेवते, वीसच्या आतच. फरक दाखवणारा भाग शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवते: 'वाचक' आणि 'लेखक' आधी, 'मुंबई' आणि 'मुख्यालय' नंतर, म्हणजे चुकून कापलं गेलंच तरी दोन नावं एक होत नाहीत. हा यूजर कशासाठी, कुणाच्या मागणीवरून बनवला, हे नावात कोंबायची गरज नसते. पोस्टग्रेमध्ये रोलला, म्हणजे यूजरलाच, कॉमेंट जोडता येते, मायएसक्यूएलमध्ये ८.०.२१ पासून यूजरला जोडता येते. तिथे मराठीत ऐसपैस लिहा. आणि यूजर बनवणाऱ्या फाइलच्या सुरुवातीला 'ऑन एरर स्टॉप' न विसरता चालू करा.

लांबी तपासणारी क्वेरी एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर नेताना मात्र थांबून बघा. 'लेंग्थ' हे फंक्शन मायएसक्यूएलमध्ये बाइट मोजतं आणि पोस्टग्रेमध्ये खुणा. मायएसक्यूएलमध्ये खुणांसाठी 'कॅर लेंग्थ' आहे, पोस्टग्रेमध्ये बाइटसाठी 'ऑक्टेट लेंग्थ', ओरॅकलमध्ये बाइटसाठी 'लेंग्थबी'. 'ज्ञानेश्वरी' देऊन बघा: ११ आलं तर तो खुणा मोजतोय, ३३ आलं तर बाइट. पोस्टग्रेसाठी तुम्हाला ३३ सांगणारं फंक्शन हवं आहे.